अलीकडे वाचलेल्या काही कादंबऱ्या : सुरतेतील एका वाचकाची मते

(ग्रंथालयाच्या शताब्दी महोत्सवानिमित्त कतारगाम येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शताब्दीच्या निमित्ताने मी 'मराठी कादंबरीची वाटचाल' या विषयावर बोलावे, अशी कार्यकारिणीची पहिली सूचना होती. ती मी नम्रपणे परत केली. वाटचाल सांगायची म्हणजे १८५७ सालच्या 'यमुनापर्यटना'पासून निघायचे, हरिभाऊंपाशी विसावा घ्यायचा, फडके-खांडेकरांना नमस्कार करायचा, आणि 'कोसला' येईपर्यंत श्रोत्यांनी घड्याळाकडे पाहायला लागायचे. हे काम मी वर्गात करतो आणि त्याबद्दल मला वेतन मिळते. आज आपल्यासमोर मी उभा आहे तो या ग्रंथालयाचा एक जुना सभासद म्हणून. गेल्या तीन-चार वर्षांत ज्या कादंबऱ्या वाचल्या, काही पुन्हा वाचल्या, त्यांविषयीची माझी मते सांगणार आहे. त्यांत समीक्षकाची शिस्त शोधू नये. काही पुस्तके राहून जातील, काहींना मी झुकते माप देईन. वाचकाला तेवढा अधिकार असतो.

कादंबरी कोठेही बसून वाचली तरी तीच असते, असे आम्हां मराठीच्या प्राध्यापकांना शिकविले गेले. मला ते आता तितकेसे पटत नाही. पुण्यात सदाशिव पेठेत बसून खेड्यावरची कादंबरी वाचणे वेगळे, आणि कतारगामात बसून वाचणे वेगळे. माझ्या घराखालून सकाळी जो लोंढा जातो तो हिऱ्याच्या कारखान्यांकडे निघालेल्या रत्नकलाकारांचा असतो. त्यांतले बहुतेक सौराष्ट्रातून आलेले, म्हणजे तेही गाव सोडूनच आलेले. तिकडे उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत यंत्रमागांवर आपला खानदेशी माणूस आहे. धुळे, जळगाव, नंदुरबारकडून ताप्तीकाठच्या रेल्वेने आला आणि येथलाच झाला. आजच्या मराठी कादंबरीतला मोठा भाग गाव मोडल्याची, शेती तुटल्याची, घर उठल्याची कथा सांगतो. ती कथा कादंबरीत जिथे संपते, तिथून पुढे आपण राहतो. म्हणून या पुस्तकांकडे मी थोड्या तिरक्या नजरेने पाहतो.

प्रथम विस्थापनाच्या दोन कादंबऱ्या. विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' १९९१ साली आली आणि पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ती मी विद्यार्थिदशेत वाचली होती. आता कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'ला २०२३चा अकादमी पुरस्कार मिळाल्यावर दोन्ही लागोपाठ वाचल्या. दोहोंचा विषय एकच, धरणाने उठविलेले गाव. परंतु दोन लेखक त्या विषयाकडे दोन टोकांवरून येतात. पाटील स्वतः महसूल खात्यात अधिकारी होते. भूसंपादनाची नोटीस कशी निघते, पंचनामा कसा होतो, मोबदल्याचा आकडा कुठे आटतो, पुनर्वसनाची जमीन कागदावर कशी असते आणि प्रत्यक्षात तिथे काय असते, ही सारी यंत्रणा त्यांना आतून ठाऊक आहे. 'झाडाझडती'चे बळ या माहितीत आहे. खैरमोडे गुरुजींसारखा माणूस आपल्या लोकांसाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवतो आणि त्या पायऱ्या संपत नाहीत, हे वाचताना वाचकालाच धाप लागते. दोष सांगायचा तर लेखकाला राग फार आहे. तो अधूनमधून पात्रांच्या तोंडून बोलू लागतो आणि अशी पाने मला भाषणासारखी वाटली. तीस-बत्तीस वर्षांनी पुन्हा वाचताना ती पाने जास्त जाणवली, हेही खरे.

'रिंगाण'मध्ये ही यंत्रणा जवळजवळ दिसतच नाही. गाव उठून दुसरीकडे गेले आहे, आणि मागे डोंगरात, पाण्याच्या कडेला राहून गेलेल्या जनावरासाठी एक माणूस परत तिथे जातो, एवढाच कथेचा धागा. गोठ्यातली म्हैस आता रानाची झाली आहे. ती त्याला ओळखेल की नाही, आणि तिला हाक मारताना तो स्वतः कोण उरला आहे, हा प्रश्न. कचेरी नाही, मोर्चा नाही. खोतांची भाषा पन्हाळ्याकडची, ओली आणि खडबडीत. कलाकृती म्हणून विचाराल तर मी 'रिंगाण'ला वरचे स्थान देईन. जनावर हे प्रतीक म्हणून आणलेले नाही, ते शेवटपर्यंत जनावरच राहते. अलीकडच्या लेखनात हा संयम दुर्मीळ आहे. मात्र हे गाव का उठले, कोणी उठविले, हे ज्याला जाणून घ्यायचे असेल त्याने 'झाडाझडती'कडेच जावे. 'रिंगाण' आपल्याला तोटा दाखविते, हिशेब दाखवीत नाही.

हा विषय सुरतेत तरी दूरचा मानता येणार नाही. आपल्या नळाला येणारे पाणी उकाईचे. १९७२ साली ते धरण पूर्ण झाले. त्याच्या जलाशयात गुजरातेतली गावे गेली, तशी त्यावेळच्या धुळे जिल्ह्यातलीही गेली. आपल्या ग्रंथालयाचे एक वृद्ध सभासद त्यांतल्याच एका गावचे. 'झाडाझडती'ची प्रत परत करताना ते मला म्हणाले, "सर, पुस्तक खरं आहे. फक्त आमच्या गावात असा गुरुजी नव्हता." या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. आपली विस्थापनाची कादंबरी बोलणारा, अर्ज लिहिणारा, कायदा समजणारा माणूस गृहीत धरते. ज्या गावात तो नव्हता त्या गावाची कादंबरी कशी लिहायची? खोतांनी त्याचे एक उत्तर दिले आहे, असे मला वाटते. त्यांचा माणूस अर्ज लिहीत नाही, म्हशीला हाक मारतो.

येथे भाषेविषयी एक अडचण सांगून ठेवतो. 'रिंगाण' मी आपल्या दोन-तीन खानदेशी वाचकांना आग्रहाने दिली. दोघांनी पन्नास पानांनंतर परत केली. बोली कळत नाही, म्हणाले. घरी अहिराणी बोलणाऱ्या, रस्त्यावर गुजराती बोलणाऱ्या आणि शाळेत प्रमाण मराठी शिकलेल्या माणसाला पन्हाळ्याची मराठी परकी वाटली तर त्याला दोष देता येणार नाही. बोलीतील कादंबरीचे आम्ही समीक्षक मंडळी सरसकट कौतुक करतो. प्रत्येक वाचकाच्या कानाला एकच बोली जवळची असते, ही साधी गोष्ट त्या कौतुकात विसरली जाते. तरीही मी म्हणेन की पहिली पन्नास पाने नेटाने काढावीत. मोठ्याने वाचली तर ती सोपी होतात.

सदानंद देशमुखांची 'बारोमास' मात्र आपल्याकडे हातोहात फिरते. २००४ साली तिला अकादमी पुरस्कार मिळाला, पण तिच्या फिरण्याचे कारण पुरस्कार नव्हे. शिकलेला, पदव्या घेतलेला एकनाथ नोकरी मिळत नाही म्हणून शेतीत अडकतो आणि शेती त्याला पोसत नाही. ही गोष्ट आपल्या निम्म्या सभासदांच्या घरातली आहे. देशमुखांनी विदर्भातल्या कोरडवाहू शेतीचे एकेक काम, एकेक हंगाम ज्या तपशिलाने उभा केला आहे त्याला तोड नाही. बियाणे, औषध, सावकार, पाऊस यांची साखळी इतकी घट्ट आहे की कुठली कडी तुटली असती तर माणूस सुटला असता, हे सांगता येत नाही.

पण या कादंबरीविषयी माझ्या पत्नीचे आणि माझे मत जुळत नाही, आणि आता मी हळूहळू तिच्या बाजूला सरकतो आहे. एकनाथाची बायको अलका शहरातून आलेली. तिला हे घर, ही ओढाताण सोसवत नाही. कादंबरी तिच्याकडे जरा कठोरपणे पाहते. ग्रंथालयाच्या महिला वाचकमंडळात या पुस्तकावर चर्चा झाली तेव्हा एका भगिनीने सरळ विचारले, "नोकरीवाला नवरा हवा असं तिला वाटलं, यात तिचं काय चुकलं? आम्ही सगळ्या त्याच कारणासाठी सुरतेला आलो." सभा थोडा वेळ गप्प झाली. खेड्याच्या कादंबरीत गाव सोडू पाहणारी बाई बहुधा स्वार्थी ठरते आणि मातीला चिकटलेला पुरुष शोकनायक. बायका गाव का सोडू पाहतात, हे त्यांच्या बाजूने सांगणारी कादंबरी मला हवी आहे. कविता महाजन यांच्या 'ब्र'ने आदिवासी भागातल्या, पंचायतीत निवडून आलेल्या स्त्रियांच्या निमित्ताने एक दार उघडले होते. त्या २०१८ साली गेल्या. त्यांच्याकडून अजून पुष्कळ यायचे होते.

आता 'हिंदू'. भालचंद्र नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे, म्हणजे आपल्या कित्येकांच्या शेजारगावचे. 'कोसला' वाचून माझ्या पिढीतल्या मुलांनी डायऱ्या लिहिल्या, ते असो. २०१० साली 'हिंदू' आली तेव्हा तिच्यावर इतके बोलले गेले की वाचणे मागे पडले. मी ती तेव्हा अर्धी वाचून ठेवली होती; या वर्षी उन्हाळ्याच्या सुटीत पूर्ण केली. खंडेराव हा पुरातत्त्वाचा अभ्यासक मोहेंजोदडोच्या उत्खननावर असताना वडिलांच्या आजारपणाची बातमी येते आणि तो गावाकडे निघतो. या प्रवासाच्या खुंटीवर नेमाड्यांनी सारे काही टांगले आहे : सिंधू संस्कृती, जाती, भटके, महानुभाव, कुणब्यांची घरे, बायकांची दुःखे, शिव्या, ओव्या. माझ्या एका सहकाऱ्यांच्या मते ही कादंबरीच नव्हे. माझे मत निराळे आहे. मोरगावच्या घरात, शेतात, आळीत ती असते तेव्हा आजच्या मराठीत तिच्या तोडीचे गद्य मला दिसत नाही. जिथे ती संस्कृतीविषयी सिद्धांत सांगू लागते तिथे मी पाने उलटतो. घरातल्या अडगळीवर लेखकाचे प्रेम आहे, आणि अडगळ आवरायला तो तयार नाही. शंभर-सव्वाशे पाने सहज कमी झाली असती.

या कादंबरीतला एक प्रश्न मात्र वाचून संपल्यावरही मला सोडत नाही. बाप गेल्यावर शिकलेल्या मुलाने गावातल्या घराचे, जमिनीचे, माणसांचे काय करायचे? सुरतेतल्या मराठी घरांत हा प्रश्न पुस्तकी नाही. गावाकडे हिस्सा आहे, त्यावर भाऊबंद आहेत, उतारा कोणाच्या नावावर आहे ते नीट ठाऊक नाही, आणि मुलगा म्हणतो विकून टाका. खंडेरावाला निदान मोहेंजोदडोचा आधार आहे. सगळेच कधी ना कधी गाडले जाते, एवढे तत्त्वज्ञान त्याच्याजवळ आहे.

रंगनाथ पठारे यांच्या 'सातपाटील कुलवृत्तांता'विषयी थोडक्यात सांगतो, कारण एवढे मोठे पुस्तक एका वाचनात पचत नाही. एका कुळाच्या मिषाने कैक शतकांचा पट मांडण्याचे धाडस आज दुसऱ्या कोणी केलेले नाही. जुन्या काळाचे भाग मला अधिक आवडले; आधुनिक काळ जवळ येतो तसे कथन सैल पडते. आपले कूळ शुद्ध असल्याचा अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावे, एवढे मात्र नक्की. लेखकाने त्या अभिमानाखालची माती उकरून दाखविली आहे.

इतिहासाचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट बोलायलाच हवी, कारण ती याच गावात बोलता येते. मराठी ऐतिहासिक कादंबरीत सुरत म्हणजे दोन प्रसंग : १६६४ आणि १६७०. आपण लहानपणी ते प्रसंग वाचून हरखलो. पुढे पोटासाठी त्याच सुरतेत आलो आणि ज्यांच्या आठवणीत तो प्रसंग निराळ्या शब्दाने नोंदलेला आहे त्यांचे शेजारी झालो. माझ्या गुजराती शेजाऱ्याने एकदा हसत विचारले होते, "तुमच्या पुस्तकात आमचे घर कुठे आहे?" त्याला देण्यासारखे उत्तर मराठी कादंबरीत मला सापडले नाही. शिवाजी महाराजांच्या थोरवीला यामुळे काही बाधा येते असे मी मानत नाही; त्यांच्या मोहिमेमागचे राजकीय कारण स्वच्छ आहे. पण कादंबरीकाराचे काम राज्यकर्त्याच्या कारणापाशी संपत नाही. मोहीम ज्या गावावर गेली त्या गावातला एखादा विणकर, एखादी म्हातारी त्याला दिसायला हवी.

नंदा खरे यांच्या 'अंताजीच्या बखरी'त हे घडले आहे. नागपूरकर भोसल्यांच्या बंगालवरील स्वाऱ्यांच्या काळातला हा अंताजी शूर नाही, थोर नाही. चतुर आहे, मिस्कील आहे, आणि त्याला दोन्ही बाजू दिसतात. आपल्या सैन्याला बंगालात कोणत्या नावाने आणि कशा भीतीने ओळखतात, हे मराठी वाचकाने मराठीत वाचावे, यासाठी खरे यांचे आभार मानायला हवेत. बखरीच्या भाषेची नक्कल पुष्कळांनी केली. खरे यांनी ती चेष्टेत आणि विचारात सारखीच चालविली. 'श्रीमान योगी' वाचून झालेल्या प्रत्येक तरुण वाचकाच्या हाती आमच्या ग्रंथपालांनी 'अंताजीची बखर' द्यावी, अशी माझी सूचना आहे.

ओघात आणखी एक. गुजरातीतली पहिली कादंबरी 'करण घेलो' १८६६ साली एका सुरतेच्या शिक्षकाने, नंदशंकर महेता यांनी लिहिली. गुजरातच्या शेवटच्या वाघेला राजाची ती कथा. राज्य गेल्यावर हा राजा बागलाणात आश्रयाला येतो, आणि त्याची मुलगी देवळदेवी देवगिरीच्या यादवांच्या घरी जायची असते. म्हणजे गुजराती कादंबरी जन्मली तेव्हाच तिच्यात आपला मुलूख होता. हे मला येथे येऊन पंधरा वर्षे झाल्यावर कळले. आपल्या मुलांना गुजराती आपल्यापेक्षा चांगले वाचता येते. त्यांनी ती मुळातून वाचावी आणि आपल्याला सांगावी.

खरे यांचीच 'उद्या' मी सर्वांत शेवटी वाचली. तिला २०२०चा अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी तो विनयाने नाकारला. २०२२ साली ते गेले. नजीकच्या भविष्याची ही कादंबरी आहे. माणसावर सतत पाळत, कंपन्यांच्या हाती गेलेली सत्ता, मुलींची घटलेली संख्या, आणि या सगळ्याला सरावलेली माणसे. पात्रे काही ठिकाणी कल्पनेची वाहने वाटतात, तरीही हे पुस्तक मला अस्वस्थ करून गेले. ते मी रात्री वाचत होतो आणि दिवसा या शहरात फिरत होतो. मागावर काम करणाऱ्या मजुरांच्या खोल्या आपण पाहिल्या आहेत. दिवसपाळीचा उठतो आणि त्याच अंथरुणावर रातपाळीचा निजतो. चौकाचौकांत कॅमेरे आहेत. बायकामुले दूर गावी ठेवून राहणारे हजारो पुरुष आहेत. खरे यांनी उद्याचे म्हणून जे लिहिले त्यातले किती आज आहे, याची मी वहीत यादी करू लागलो आणि मग ती वही बंद केली.

आणि 'नदीष्ट'. मनोज बोरगावकर यांच्या या कादंबरीविषयी मी जरा पक्षपाती आहे. नांदेडची गोदावरी, तिच्यात रोज पोहणारा निवेदक, आणि काठावर भेटणारी माणसे : भिकारी, मासेमार, तृतीयपंथी, घाटावर दिवस काढणारे. कथानक म्हणावे असे फार नाही. पण या माणसांकडे लेखक दयेने पाहत नाही. तो त्यांच्याजवळ बसतो, त्यांच्याकडून शिकतो. काही पानांवर भावविवशता आहे, एकदोन ठिकाणी तत्त्वचिंतन गळ्यात पडते; मी ते माफ केले. पोहणाऱ्या माणसाने नदीविषयी लिहिलेले आणि पुलावरून नदी पाहणाऱ्याने लिहिलेले यांतला फरक पहिल्या प्रकरणातच कळतो.

आपण तापी पुलावरून पाहतो. फार तर संध्याकाळी सिंगणपोरच्या कॉजवेवर जाऊन उभे राहतो. मुलताईला उगम पावून भुसावळवरून, खानदेशातून येणारी ही तीच नदी, जिच्या काठी आपले आजे-पणजे नांगर धरीत होते. ऑगस्ट २००६ मध्ये ती आपल्या घरांत आली. माझ्या खालच्या कपाटातली पुस्तके फुगून एकमेकांना चिकटली, ती उन्हात वाळवून मी अजून ठेवली आहेत. आपल्यासोबत आलेल्या या नदीवर, तिच्या दोन्ही टोकांच्या माणसांवर, एखादी मराठी कादंबरी माझ्या वाचनात आलेली नाही. यंत्रमागाच्या आवाजात बोलण्यासाठी ओठांची भाषा शिकलेला कामगार, हिऱ्याच्या घंटीवर बसणारा एखादा खानदेशी पोरगा, महापालिकेच्या मराठी शाळेतून गुजराती माध्यमात जाताना रडलेली मुलगी, यांना मी कादंबरीत शोधत असतो. मुंबईच्या गिरणगावाला लेखक मिळाले. सुरतेच्या मागांना अजून मिळायचा आहे.

तो पुण्याहून येईल असे मला वाटत नाही. तो येथेच, आपल्या वाचनकक्षात येणाऱ्या पाच-सात मुलांतून यायला हवा, आणि येथे माझी खरी काळजी आहे. आपल्याकडे येणाऱ्या तरुणांत प्रणव सखदेव यांच्या 'काळेकरडे स्ट्रोक्स'ला मागणी आहे. मुंबई परिसरातल्या महाविद्यालयीन मुलांचे एकटेपण त्यांना आपले वाटते. मला ती कादंबरी थोडी लांबलेली वाटली, पण मुले रांग लावून वाचत असतील तर माझ्या मताला फारशी किंमत नाही. ही मुले मराठी बोलतात, वाचतात अडखळत, लिहीत जवळजवळ नाहीत. एका मुलाने मला त्याने लिहिलेली चार पाने दाखविली. वडिलांच्या खात्यातल्या रातपाळीवर होती. भाषा अहिराणी, लिपी देवनागरी, मधूनमधून गुजराती शब्द, आणि वाक्ये लहान. शुद्धलेखनाच्या चुका मोजल्या असत्या तर पान लाल झाले असते. मी पेन खिशात ठेवले आणि पाचवे पान कधी आणतोस, एवढेच विचारले.

कार्यवाहांना दोन विनंत्या करून थांबतो. 'झाडाझडती'च्या आपल्या प्रतीची बांधणी सुटली आहे, शेवटची आठ पाने निखळून आली आहेत. तिला नवी बांधणी करून घ्यावी. आणि 'नदीष्ट'ची एकच प्रत असल्याने तिच्यासाठी अकरा सभासद खोळंबले आहेत. दुसरी प्रत मी माझ्याकडून आजच ग्रंथपालांकडे देत आहे.